लिब्रादामावशीच्या अंगणाबाहेर

आमच्या सासूबाईंचं, मार्सियानांचं, वय कुणालाच ठाऊक नाही. हट्ट मात्र मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांतल्या आमच्या अख्ख्या रारामुरी मुलखाला ठाऊक आहे. दरी ओलांडून पलीकडच्या कड्यावर, सख्ख्या बहिणीकडे, लिब्रादामावशीकडे, एका दिवसात जाणार म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी समजले, आता माझ्या पायांचं काही खरं नाही.

"दोन दिवसांत जाऊ की, आई. नदीवर मुक्काम करू," मी म्हटलं.

"नदीकाठी झोपतेस? पाण्यातलं काहीतरी तुझा जीव ओढून नेईल, मग माझ्या पोराला कोण रांधून घालणार?"

दोघी बहिणींत अबोला होता, माझा थोरला रांगत होता तेव्हापासून. निंदणीला शेजाऱ्यांना बोलवायचं आणि काम उरकलं की मक्याची दारू पाजायची, ही आमची रीत. सासूबाईंनी एका वर्षी सगळ्यांना निरोप धाडला, बहिणीला तेवढा नाही. घरच्या माणसाला कसलं आवतण, असं सासूबाईंचं म्हणणं. सगळ्या जगाला बोलावलं आणि मला वगळलं, असं तिचं. दोघीही नाकावर माशी बसू न देणाऱ्या. मग यंदा कळलं की लिब्रादामावशीचा नवरा गेला, तोही कधीचाच. ती तिकडे एकटी आहे म्हटल्यावर सासूबाईंचं जेवणखाण सुटलं.

उजाडायच्या आत निघालो. वर पाइनच्या झाडांखाली कुडकुडत होतो, खाली उतरेपर्यंत अंगाची लाही झाली. उतरताना त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण तोंड त्याहून जास्त. नदी कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडली, भाजलेल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून प्यालो आणि समोरचा कडा चढायला लागलो.

"तुझ्यापेक्षा बकरी सून करून आणली असती तर बरं," वरून त्या म्हणाल्या. "चढते तरी."

"दूधही देते," मी म्हटलं. "पण तुमचं ऐकून घेत नाही."

हसल्या. थोडं पुढे जाऊन मात्र दगडावर मटकन बसल्या. "तिने आत बोलावलं नाही तर गं?"

 एवढ्या खंबीर बाईला घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

उन्हं कलता कलता पोचलो. आमच्यात कुणी दुसऱ्याच्या दाराशी थेट जात नाही, हाक मारत नाही. अंगणाबाहेर तोंड फिरवून बसायचं. घरच्यांना वाटलं तर ते येऊन बोलावतात. नाही बोलावलं तर मुकाट्याने उठायचं. तशा आम्ही बसलो.

कुत्रं भुंकलं. लिब्रादामावशी दारात आलेली मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. आमच्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. "गप रे," कुत्र्याला म्हणाली आणि आत गेली.

"कुत्र्याशी बोलली," सासूबाई म्हणाल्या. "चल."

उठताना त्यांना माझा हात धरावा लागला. मला इतका संताप आला की रीत मोडून मी सरळ घराकडे वळून पाहिलं. मावशी पुन्हा बाहेर आली होती. एक हात भिंतीवरून फिरवत ती सरपणापाशी गेली, वाकली, आणि लाकूड समोर असताना बाजूची माती चाचपत राहिली.

"आई, तिला दिसत नाही."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आता हाकही मारणार नाहीत आणि जाणारही नाहीत, असं मला वाटलं. पण त्या निघाल्या. न बोलावता अख्खं अंगण ओलांडलं आणि लाकूड उचलून बहिणीच्या हातात दिलं.

मावशीने लाकूड सोडून मनगट धरलं. एकेक बोट चाचपलं. "मार्सियाना?"

"हं."

"किती वेळ बसली होतीस?"

"आत्ताच आले."

"खोटारडी. कुत्रं मघाशी भुंकलं." तिने मनगट काही सोडलं नाही. "आधी मी विचारायचे, कोण आलंय? उत्तरच यायचं नाही, हे कुत्रं सशावरही भुंकतं. मग विचारायचं सोडलं. रोज नुसती दारात येऊन उभी राहते. म्हटलं, कधी तू येऊन बसली असलीस, तर तुला तरी मी दिसेन."