यादी कशावरून केली?

“आणि आडनाव?”

पहिल्या दिवशी, ओळखीच्या तासाला सरांनी इंग्रजीत विचारलं. मी उभी होते. माझं नाव आणि वडिलांचं नाव सांगून झालं होतं आणि मी खाली बसायला निम्मी वाकलेही होते. माझ्याआधीच्या कुणाला आडनाव विचारावं लागलं नव्हतं. त्यांनी ते आपणहून सांगितलं होतं. मी गाळलं. शाळेपासूनची सवय.

सांगितलं.

सर मराठीवर आले. वर्गाशी इंग्रजी, माझ्याशी मराठी.

“कुठली गं तू?”

“दिघी, सर.”

“ते झालं राहायचं. मूळचे कुठले तुम्ही?”

“लातूरकडचे.”

“हां.”

मग हा अभ्यासक्रम का निवडला, ते त्यांनी विचारलं. मी इंग्रजीतच उत्तर दिलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घाबरले की मला तीच भाषा सुचते. सरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि वर्गाकडे बघून मराठीतच म्हणाले, “इंग्लिश फार छान आहे हिचं. वाटत नाही.”

दोन-तीन जण हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. सर कौतुक करत होते. मी “थँक यू, सर” म्हणाले आणि बसले.

थँक यू. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त काय टोचत असेल, तर ते.

चिंचवडच्या आमच्या कॉलेजात हा अभ्यासक्रम यंदाच सुरू झाला. कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि फिजिक्स वेगळे शिकवायचे नाहीत. एक प्रश्न घ्यायचा आणि तिन्ही विषय लावून तो सोडवायचा. आमची पहिली तुकडी. पहिलं प्रोजेक्ट ठरलेलं होतं: तापवलेला लोखंडाचा तुकडा थंड कसा होतो. किती वेगाने, हे कॅल्क्युलस. उष्णता जाते कुठे, हे फिजिक्स. वर पापुद्रा का धरतो, हे केमिस्ट्री. माहितीपत्रकात ते वाचलं आणि नातेवाइकांचं ‘कॉम्प्युटर घे, कॉम्प्युटर घे’ मी ऐकणं बंद केलं. माझे पप्पा तळवड्यात एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर आहेत. तापलेल्या जॉबचा, म्हणजे भट्टीतल्या लोखंडी भागाचा, रंग बघून ते तापमान सांगतात, मीटर नंतर बघतात. ते जे डोळ्यांनी करतात, ते मला गणितात मांडायचं होतं. मला दुसरं काही नको होतं, त्या प्रोजेक्टवर जागा हवी होती.

पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलसची चाचणी झाली. पंचवीसपैकी मला एकवीस. माझ्या मागच्या बाकावरच्या वेदांतला आठ. तो स्वतःच पेपर नाचवत सांगत होता, “डेरिव्हेटिव्ह कशाशी खातात तेच विसरलो राव!”

पुढच्या सोमवारी फलकावर यादी लागली. ‘ब्रिज बॅच.’ या मुलांनी दुपारी वेगळं कॅल्क्युलस शिकायचं. प्रोजेक्टवर त्यांना पुढच्या सेमिस्टरला घेऊ. खाली सात नावं. चौथं माझं.

मी यादी दोनदा वाचली. पहिल्यांदा नावं. दुसऱ्यांदा फक्त आडनावं. ती तशी वाचायला आम्हाला कुणी शिकवत नाही, पण येतं. वेदांतचं नाव नव्हतं.

तरी मी आधी स्वतःवरच संशय घेतला. टायपिंगची चूक असेल. माझा पेपर पुन्हा तपासला असेल. मला सगळीकडे तेच दिसतं, असं शाळेतली मैत्रीण एकदा म्हणाली होती, ते आठवलं. त्या सातांत स्नेहल होती. तिला विचारलं, “तुला किती?”

“आठ. मला खरंच नाही जमत गं. मला हवीच आहे ती बॅच.” मग तिने फलकाकडे बघितलं. “पण अशी नको.”

आठ. वेदांतलाही आठच. मग यादीत चूक झाली असेल, असं वाटायचं कारण उरलं नाही.

यादीसोबत एक फॉर्म होता. ‘मी स्वेच्छेने ब्रिज बॅचमध्ये प्रवेश घेत आहे.’ खाली सहीची जागा. घरी गेले तेव्हा पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले होते. मी फॉर्म दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो हळूहळू वाचला.

“सही केलीस?”

“नाही अजून.”

“मला पण दिला होता असा कागद. ट्रेनिंगचा. तुझ्याच भल्यासाठी म्हणाले. मी केली सही. आठ वर्षं हेल्पर राहिलो. माझ्याबरोबरचे भट्टीवर गेले.”

आई आतून म्हणाली, “जास्त बोलू नको हं तिथं. त्यांच्याच हातात मार्क असतात.”

पप्पा मला एवढंच म्हणाले, “बोलू नको. लिहून दे. आणि पोच घे.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच सरांच्या केबिनमध्ये गेले; अभ्यासक्रमाचे प्रमुख तेच. ते चांगलं बोलले. त्याचीच मला भीती वाटते.

“बस ना बेटा. हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्या मुलांचा बेस कच्चा असतो. त्यात तुझा काय दोष?”

तुमच्या. मी चाचणीचा पेपर टेबलावर ठेवला. त्यांनी मार्क बघितले, भुवया वर गेल्या.

“अरे वा! मग प्रश्नच मिटला. तुझं नाव काढतो मी. सोमवारी प्रोजेक्टला ये. फक्त बाकीच्यांना सांगत बसू नकोस, काय?”

मी क्षणभर खूश झाले. ते मी लपवणार नाही. भट्टी, लोखंड, आलेख, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण हे तेच होतं. पहिल्या दिवशीचं ‘वाटत नाही’. त्या सहा जणांसारखी मी वाटत नाही, म्हणून मला आत घेत होते. मी आत गेले की यादी खरी ठरत होती. त्या दिवशी मी यावरच थँक यू म्हणाले होते.

माझा आवाज मुळात लहान. आणखी लहान झाला.

“सर, यादी कशावरून केली?”

“म्हणजे?”

“चाचणीवरून नाही केली. मग कशावरून?”

“ॲडमिशन फॉर्मवरून येते ती. सिस्टिमच तशी काढते.”

“फॉर्ममधल्या कोणत्या रकान्यावरून?”

त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. “तू हुशार आहेस. उगाच स्वतःचं नुकसान करून घेऊ नकोस. नाव काढायचं की नाही?”

“चाचणीवरून यादी करा, सर. मग माझं आपोआप निघेल.”

“मग यादी आहे तशी राहील. तुझ्यासकट.”

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. यादीचा आधार लेखी द्यावा आणि चाचणीच्या गुणांवर नवी यादी करावी. सातही जणांनी सह्या केल्या. स्नेहलने पहिली केली. ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज उलटून पालटून बघितला. “ठेवून जा की.” मी म्हणाले, “पोच हवी.” त्याने शिक्का इतका जोरात मारला की पेन टेबलावरून पडलं.

बातमी वर्गात पोचली. कॅन्टीनपाशी वेदांतने मला गाठलं. “म्हणजे तुझं ऐकलं तर मी जाणार ब्रिजमध्ये?”

“हो.”

“काय राव! मी काय वाकडं केलं तुझं?”

“काहीच नाही. तुला आठ आहेत.”

तो हसला, मग त्याचं हसू गेलं. ‘सॉरी’ माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते म्हटलं नाही.

सोमवारी प्रोजेक्ट सुरू झालं. तोवर उत्तर आलं नव्हतं. मी लॅबमध्ये गेले आणि पहिल्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. आम्ही सातही बसलो. लॅबच्या मॅडम यादी घेऊन आल्या. “तुमची बॅच दुपारी आहे ना?”

“मॅडम, आम्हाला बाहेर काढायचं कारण लिहून द्या. आम्ही जातो.”

त्यांनी दाराकडे बघितलं. सर दारात उभे होते. त्यांनीही काही लिहिलं नाही. चिमट्यात धरलेला लाल तुकडा समोर ठेवला गेला आणि मी घड्याळ लावून पहिली नोंद घेतली.

माझ्या पाठीमागे सर अजून उभे असतील. असू देत. ते कारण लिहून देऊ शकत नाहीत, हे मला कळलंय, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलंय. मार्क कापतील, कापोत. प्रत्येक कापलेल्या मार्काचा आधार मी मागणार आहे. लेखी. मला एकटीला दिलेली कोणतीही सूट मी यापुढे घेणार नाही.