वाचल्याशिवाय ‘वाय’ नाही

माझ्या धाकट्या दिरांनी आजवर एकही कागद न वाचता पुढे जाऊ दिलेला नाही. बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, लग्नपत्रिकेच्या तळाशी दाटीवाटीने बसलेली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, सगळं ते बोट फिरवत, ओठ हलवत, सावकाश वाचतात. घरात नवा मिक्सर आला तेव्हा त्याची पुस्तिका यांची वाचून होईपर्यंत आम्ही दोघी जावा पाट्यावर चटणी वाटत होतो आणि मिक्सर कपाटावरून आमची मजा बघत होता. माझी जाऊ तर सांगते, की लग्नाच्या नोंदणीला गेल्यावर त्यांनी सहीआधी अख्खा अर्ज वाचला, मग उलटून मागची बाजू वाचली आणि कारकुनाला विचारलं, “हे बारीक अक्षरातलं काय हाय?” “ताई, मी शालू नेसून उभी,” ती म्हणते. “मला वाटलं, हा माणूस वाचून नको म्हणतोय आता.”

आणि मी कशी, तर सकाळच्या चहाआधी दिवसभराच्या कामांची यादी करणारी. झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. अशा बाईच्या भिंतीपलीकडे देवाने असा माणूस का आणून ठेवावा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या या सवयीला कारण मात्र आहे. माझ्या सासऱ्यांनी नदीकाठच्या शेताचा खालचा तुकडा फार्महाउससाठी विकला. निदान त्यांना वाटलं, की खालचाच. घेणारा गोड बोलणारा होता, गाडी दारात सुरू ठेवून आला होता, आणि सासऱ्यांनी घाईत दाखवील तिथे सह्या केल्या. त्या कागदात वरचं शेतही होतं, विहीरही होती. आज तिथं निळ्या पाण्याचा तलाव आहे आणि आमच्या म्हशी कुंपणाला वळसा घालून नदीवर जातात. सह्या होताना भावजी शेजारी चहाचा ट्रे धरून उभे होते.

खोपोलीकडचा कारखाना बंद पडल्यावर भावजी घरी आले आणि माझ्या लेकीचा जुना लॅपटॉप घेऊन व्हिडिओ बघून बघून मोबाइलची ॲप बनवायला शिकले. त्यासाठी आधी बरीच हत्यारं लॅपटॉपवर उतरवून घ्यावी लागतात, हे मला तेव्हा समजलं. ही हत्यारं मागवायची एक काळी खिडकी असते. तिच्यात ना चित्रं ना बटणं, नुसतं टाइप करायचं, की पांढऱ्या ओळी भराभर पळायला लागतात. भावजींना ती फार आवडली. “माउसनं काम म्हणजे चमच्यानं भात खाणं, वहिनी,” ते म्हणाले. मग कंपायलर म्हणून एक असतो, तो आपण लिहिलेलं तपासून मोबाइलला चालेल असं करून देतो. तो काय करतो, असं मी विचारलं, तर म्हणाले, “आपल्या डेअरीवरच्या माणसासारखा हाय. दूध घेताना तोंड वाकडं करणार, पाण्याचा थेंब असला तरी परत पाठवणार. पण घेतलं की घेतलं.” आमच्या कडावला रेंज यथातथाच. त्यामुळे ही हत्यारं उतरत असताना फोन टोपलीत घालून पाण्याच्या टाकीवर ठेवला जाई आणि घरातल्या कुणी व्हिडिओ लावला, की वरून हाक येई, “कोण रं तो? कंपायलर अडकला माझा!”

पण खरा वेळ उतरवण्यात जात नसे. प्रत्येक हत्यार वापरण्याआधी त्याच्या अटी समोर येतात, लांबलचक इंग्रजीत, आणि शेवटी विचारलं जातं, मान्य आहे का? मान्य असेल तर ‘येस’चा ‘वाय’ दाबायचा. सगळं जग तो डोळे मिटून दाबतं. भावजी शब्दकोश घेऊन बसत. एका अटीपत्रात त्यांची अख्खी भातलावणी गेली. म्हणजे लावणी आम्ही केली, त्यांचं वाचन चाललं होतं.

आमच्या महिला बचत गटाने शेलूच्या एका नव्या वसाहतीत तांदूळ, पापड, कुरडया पुरवायचं ठरवलं, तेव्हा ऑर्डर घेण्यासाठी ॲप हवं होतं. भावजींनी ते करून दिलं, आणि चांगलं केलं. ऑर्डर आली, की त्यांच्या फोनवर गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखा आवाज व्हायचा. गटाची अध्यक्ष मी. हे काम मिळालं, तर पापडाला नवी जागा घ्यायची, असं मी बायकांना सांगून बसले होते. वसाहतीच्या हॉलमध्ये आम्ही ते दाखवायला गेलो. आमच्यानंतर बदलापूरचा एक टापटीप तरुण स्वतःचं ॲप घेऊन बसला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी बाई म्हणाल्या, “काका, यात विंगचं नाव टाकता येत नाही. ते तर लागेलच.”

नंतर करून देऊ, असं मी म्हणणार, तोच भावजी म्हणाले, “आत्ता करतो की. त्यात काय हाय!”

त्यांनी लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला. काळी खिडकी भिंतभर उघडली, ओळी पळाल्या, लोक कौतुकाने पुढे सरकले, आणि ओळी थांबल्या. एका हत्याराची नवी आवृत्ती हवी होती. तिच्या नव्या अटी होत्या. मान्य आहे का?

“भावजी, दाबा तो वाय,” मी हळूच म्हटलं.

“वाचतो ना, वहिनी.”

“घरी जाऊन वाचा.”

“आधी दाबून मग वाचल्यावर काय उपेग?”

आणि ते वाचायला लागले. भर सभेत, बोट पडद्यावर फिरवत. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, पेपर कधी आहे?” हशा पिकला. आमच्या गटातली म्हातारी माझ्या कानाशी लागली, “अगं, ह्यो वाचतोय का पोथी लावलीय यानं?” मध्येच भावजींनी एक अवघड शब्द सभेला विचारला. पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, “काका, मी याच धंद्यात आहे. रोज वाय दाबतो. पण याचा अर्थ मला नाही माहीत.” मला तोंड कुठे लपवू, असं झालं. मी त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून टेबलावरच्या तांदळाच्या पुड्या नीट लावायला लागले. त्या नीटच होत्या.

“काका, हे कुणीच वाचत नाही हो,” सेक्रेटरी बाई अखेर समजुतीने म्हणाल्या.

“आमच्या बाबांनी पण नाय वाचलं, मॅडम,” भावजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. बाईंना त्याचा अर्थ लागायचं कारण नव्हतं. मला लागला, आणि तरीही मी पुड्याच लावत राहिले.

तोवर त्या तरुणाने हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात आपलं ॲप दाखवलं. माल आमच्याच गटाचा घ्यायचा, पण ऑर्डर त्याच्या ॲपवर, असं ठरलं. खुर्च्या एकावर एक चढत होत्या तेव्हा भावजींनी वाय दाबला. “वहिनी, आली! विंग आली!” ते ओरडले. हॉलमध्ये झाडूवाली होती.

परतताना टेंपोत त्यांनी विचारलं, “चुकलं का माझं?”

“लाज आणलीत,” मी म्हटलं.

मग त्या तरुणाचा करार आला, चांगला जाडजूड, इंग्रजीत. माझ्या यादीत त्या दिवशी ‘करार, सही’ एवढंच होतं. मी पेन उघडलं आणि ती विहीर डोळ्यांपुढे आली. पेन मिटलं. भिंतीपलीकडे जाण्याइतकं लांबचं अंतर मी कधी चालले नसेन. मी कागद पुढे केला. कसला आहे, तेही मला धड सांगता येईना. भावजींनी हात धुतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “चहा टाका, वहिनी. वेळ लागंल.”

चहा गार झाला, दुसरा टाकला, तोही झाला. त्यांनी काहीतरी खोट काढावी, सही करू नका म्हणावं, असं मला सारखं वाटत होतं. म्हणजे निदान फिट्टंफाट झाली असती. शेवटचं पान त्यांनी उलटलं, मागची बाजू बघितली.

“चांगला कागद हाय. लबाडी नाय कुठं. बिनघोर करा सही,” ते म्हणाले. आणि पानं जुळवत, “विंगला येगळा रकाना ठेवलाय त्यानं. पोरानं चांगलं काम केलंय.”

सही मी केली, पण यादीतल्या त्या ओळीवर रेघ काही मारली नाही.

ऑर्डरी आता रोज येतात, त्या तरुणाच्या ॲपवर. भावजींचं ॲप माझ्या फोनवर अजून आहे. ते दर थोड्या दिवसांनी त्यात सुधारणा करतात, नव्या अटी वाचतात, आणि मी माझी यादी करून झाली, की त्या ॲपवर एक किलो उकडा तांदूळ मागवते. घरात तांदळाची पिंपं भरलेली असतात. भिंतीपलीकडे घंटा वाजते, खुर्ची सरकते आणि हाक येते, “वहिनी, ऑर्डर आली!”

“कुणाची हो?” मी विचारते.

“वाचतो. थांबा.”