परातीखालचा डाव

आमचं शेवटचं बोलणं बुद्धिबळावर झालं. कमलने तिचा राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं उडवला आणि म्हणाली, "आते तुमनी पाळी. मी चहा ठेवस." चहा पिऊन झाला तरी मी विचारच करत होतो. ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. बाई गेली, पाळी माझ्याकडे ठेवून.

तो पट मी तसाच परातीखाली झाकून ठेवला. (परातीत पीठ मळतात, हे सुनेनं मला बऱ्याचदा सांगितलं.) पण मुलाने, राजूने, सुरतेतच डिंडोलीला फ्लॅट घेतला. आता आमची लिंबायतची खोली सोडायची, म्हणजे पट उचलायचा.

सून वैशाली साड्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, फोटो काढून ठेवू. मी म्हणालो, "फोटोत मोहरे राहतील, डाव नाही राहणार." मग तिनं मोबाइलवर शोधलं, तर बुद्धिबळाचे डाव साठवायचे प्रोग्रामच असतात म्हणे, आणि फुकट. मला शंका आली. सुरतेत फुकट मिळतो तो फाटका माल.

तसंच झालं. पहिल्यानं पट मांडून घेतला आणि साठवायच्या वेळी पैसे मागितले. दुसरा दर चालीला हिऱ्याच्या अंगठीची जाहिरात दाखवायचा. बायको गेलेल्या माणसाला अंगठी! तिसऱ्याबद्दल वैशाली म्हणाली, हा फुकट आहे आणि उघडाही आहे, आतला कारभार कोणीही बघावा, बदलावा. जन्मभर मी कापडाचे लूम चालवले. झाकण निघत नाही त्या मशीनवर माझा भरवसा नाही. म्हटलं, हाच घे.

तिनं मोहरे मांडले, कमलची उडी घातली. राजा मागे आला. पुन्हा घातली, पुन्हा मागे.

"नाना, हे म्हणतं, अशी चाल नसते."

"शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल असते. आमच्या गावात सगळे खेळतात."

"जगात नाही खेळत."

"मग जग चुकीचं खेळतं. उघडं आहे ना ते? बदल."

"मला नाही येत, नाना. मी साड्यांचे फोटो चढवते."

माझी बायको जाता जाता लबाडी करून गेली, असं एका फुकट्या मशीननं मला सांगावं? मी त्याला खानदेशी शिव्या दिल्या. त्यानं त्याही घेतल्या नाहीत. शेवटी वैशालीनं तोड काढली: उडी घालायचीच नाही, उडीनंतरचा पट मांडायचा आणि पाळी माझी लिहायची. ते मशीननं मुकाट्यानं ठेवून घेतलं.

पंखा फिरत होता. बाहेरचे लूम लांब कुठेतरी चालल्यासारखे वाटले. मोबाइलच्या काचेवर कमलचा राजा उडी मारून उभा होता, आणि चहाचा वास आला. मी वळलो नाही. वळलो असतो तर राजू दिसला असता, दूध उतू घालवताना.

तेवढ्यात वैशालीनं कोण जिंकेल ते सांगणारं बटण दाबलं. हा डाव माझाच आहे, असं मी गल्लीभर सांगून ठेवलेलं.

"नाना, दोन चालींत मात आहे. तुमच्यावर. काहीही खेळलात तरी."

म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हणून तर निवांत चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पो यायच्या आधी, मी परात काढली. चहा ठेवला. मग पटाच्या पलीकडे, तिच्या जागेवर जाऊन बसलो. माझ्या चाली खेळलो, तिच्या खेळलो आणि मात केली.

तिच्या बाजूनं बसलो, तेव्हा कुठे जन्मात पहिल्यांदा जिंकलो.