समुद्राच्या वाऱ्यावर पाठवलेली शिंक

आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी झाले, तीही डिचोलीकडच्या एका खेड्यात राहून. गावच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघणार होती आणि ती मलाच मिळणार, असं मी धरून चालले होते. आड येत होत्या त्या शिंका. सकाळी एक सुरू झाली की थांबायचं नाव नाही.

बाबा लोहखनिजाच्या खाणीवर स्वतःचा ट्रक चालवत. जो रांगेत आधी, त्याला खेप जास्त. ते उंबऱ्याबाहेर पाय टाकायला आणि मी शिंकायला एकच गाठ. मग ते परत आत येऊन बसत, पाणी पीत. शिंक ऐकून तसंच निघायचं नाही, हा घरचा नेम. तोवर शेजाऱ्यांचे ट्रक पुढे गेलेले असत.

म्हापशाच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, ही सर्दी नव्हे, धुळीची ॲलर्जी. केरसुणी सोडा, ओल्या फडक्याने पुसा, नाक मिठाच्या पाण्याने धुवा, धुळीपासून लांब राहा. सगळं केलं. दारं-जनेलं दिवसभर लावून घेतली. तरी दुपारी जमीन तांबडी ती तांबडीच. रस्त्यावरून ट्रक चालूच, आणि संध्याकाळी उरलेली धूळ बाबांच्या सदऱ्यावरून घरात.

एकदा बोललेच.

"बाबा, ही शिंक तुमच्याच कपड्यांतल्या धुळीची. त्यात अपशकुन कसला? बसू नका तुम्ही."

"गेल्या म्हयन्यात बसूक नाय," बाबा म्हणाले. "उतारार ब्रेक गेलो. तेव्हा तुझां बी.ए. काय करी होतां गो बाय?"

"शिंकत होतं," आई चुलीकडून म्हणाली. "ब्रेक तुम्ही बघायचे."

बाबा हसले नाहीत. आठवड्याभरात त्यांनी मला वास्कोला मावशीकडे पोचवलं. "थंय समुद्राचो वारो. बरी होशील." माझं बरं व्हावं आणि त्यांची खेप चुकू नये, दोन्ही त्यांच्या मनात होतं. मीही आशा धरली.

दुसऱ्या दिवशी उठले ती शिंकतच. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, तर तांबडं.

"मुरगावच्या बंदरात बोटींत खनिज भरतात ना," मावशी म्हणाली. "वारा इकडेच येतो."

बाबा ट्रकमधून नदीवर नेऊन टाकत, तोच माल बार्जमधून, त्या सपाट मालवाहू होड्यांतून, इथे येत होता.

बाबा भेटायला आले, तेव्हा गावच्या शाळेत दुसरीच कोणी लागली होती.

"आता बरां मां?"

"हो," मी म्हटलं. नाही म्हटलं असतं, तर मला पाठवायला त्यांच्याकडे आणखी कुठलं घर होतं?