दगडावरची वेलांटी

जामखेडच्या अलीकडच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या आवारातले लिंब गावातल्या एका म्हाताऱ्यानं जगवले. स्वतः शाळेची पायरी न चढलेला हा माणूस टंचाईतही खांद्यावर कावड घेऊन झाडांना पाणी घालायचा. तो गेला, तेव्हा नव्या वाचनखोलीला त्याचं नाव द्यायचं ठरलं. मजकूर मीच टाईप केला आणि दगड कोरणाऱ्याला मोबाईलवरून पाठवला. कॉम्प्युटरचं काम आलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला ते आवडायचं. "कोरण्याआधी एकदा कच्चं बघून घ्यायचं का?" असं मुख्याध्यापकांनी विचारलंही होतं.

"युनिकोडमध्ये आहे सर, कुठंही उघडा, तसंच दिसणार," मी म्हणाले.

दगड आला तो खोक्यात बंद. गवंड्यानं संध्याकाळी बसवला आणि वर कापड टाकलं. सकाळी त्याच्या म्हाताऱ्या बायकोला खुर्चीवर पुढं बसवलं. सरपंचांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्याच वर्गातल्या पोरी मोठ्यानं वाचू लागल्या, "द... विं... गत."

दिवंगतचं दविंगत झालं होतं. 'स्मृती'तला स पाय मोडून एकटा उभा होता. नावातली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली होती, आणि त्या नावाचा अर्थ असा काही झाला होता की मागची पोरं खो खो हसत सुटली.

म्हातारीनं माझा हात धरला. "बाई, पोरं का हासत्यात? मालकाचं नाव न्हाई का त्यावर?"

तिनं जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आज सगळ्या गावासमोर ते कुणीतरी वाचेल, म्हणून नवं लुगडं नेसून आली होती.

"चुकलंय, मावशी. माझ्यामुळं," मी म्हणाले. मग मी तिच्याजवळ वाकून ते नाव नीट म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला. तोवर फोटो गावाच्या ग्रुपवर गेले होते.

कोरणाऱ्यानं फोनवर सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याच्याकडे फक्त आकडे असतात. 'दि' म्हणजे आधी द चा आकडा, मग वेलांटीचा. वेलांटी द च्या आधी काढायची, अर्धं अक्षर पुढच्याला जोडायचं, हे पुढच्या प्रोग्रामला समजावं लागतं. त्याच्या जुन्या मशीनचा प्रोग्राम इंग्रजीपुरता. आकडे आले तसे तो मांडत गेला. "चित्र करून पाठवा म्हणलं आस्तं तर आकारच आलं आस्तं," तो म्हणाला. "पन तुमी बाई, मला वाटलं बघितलं आसंल."

नवा दगड आठवड्यात बसला, बिनचूक. जुना फोडायला काढला, तर म्हातारी आडवी आली.

"फोडू नका. कसं का आसंना, नाव हाय."

तिनं तो घरी नेला आणि ओट्याला टेकवून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "बाईंनी लिव्हलंय." मला चहाला बोलावते. मी जाते, आणि दगडाकडे पाठ करून बसते.