वहीतल्या खुणा

गुरुवार, सकाळी पावणेसात. कंपनीच्या बसमध्ये हजर: ड्रायव्हर, मी आणि शेजारच्या सीटवरचा चिनी टेक्निशियन.

सिंगापूरचं जुरोंग आयलंड, आमच्या प्लांटचं बेट, येईपर्यंत मी फोनवर बोलते आणि तो माझे इंग्रजी वाक्प्रचार वहीत उतरवतो. प्रत्येकापुढे तारीख आणि माझं नाव. आज त्यानं वहीच हातात दिली.

“उद्या सुपरवायझरच्या पोस्टसाठी माझा इंटरव्ह्यू, मॅडम. बरोबर असतील त्यांवर खूण करा, लाह,” शेवटी इथला सिंगापुरी हेल लावून तो म्हणाला.

“डिक्शनरीत बघ ना.”

“डिक्शनरी मीटिंगमध्ये बोलत नाही. तुम्ही बोलता.”

वही चाळली. निम्मे वाक्प्रचार मीही मीटिंगांमध्ये ऐकूनच उचललेले, कधी तपासले नाहीत. त्याला हे सांगावं की नाही, कळेना. वही पर्समध्ये टाकली.

संध्याकाळच्या बसला परत द्यायची आहे. पाच वाजले, अजून एकही खूण केलेली नाही.