डब्लिन किती जेवणांवर?

घिवलीच्या हिराकाकींना किलोमीटर सांगून काही उपयोग नसे. कुणी गावाला निघालं की त्या पायरीवर येऊन विचारायच्या, "कितव्या जेवनाला पोचनार?" त्यांच्या लेखी पालघर एका चहावर होतं, नाशिक एका जेवणावर आणि आमचा सातारा दोन जेवणांवर. तेवढ्या वेळच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून हातात पडायची. नको म्हणायची सोय नव्हती.

बोईसरला नोकरी लागली तेव्हा मी काकींच्या वाडीतल्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. त्यांचा दुसरा हट्ट मला तिथे कळला. घरचं माणूस प्रवासात असलं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत त्या जेवत नसत. "ती रस्त्यात आन् मी ताटावर? घास उतरल काय?" ती म्हणजे सुनंदा, त्यांची एकुलती एक मुलगी. काकांच्या मागे काकींनी तिला एकटीने वाढवलं होतं. ती पालघरला नर्स होती, त्यामुळे हा उपास फार लांबत नसे.

मग सुनंदाला डब्लिनला नोकरी लागली. काकींनी तिकीट तिच्याकडून वाचून घेतलं. पहाटे मुंबईहून निघायचं, दुपारी डब्लिनला उतरायचं. काकींचा जीव भांड्यात पडला. "मंग एका जेवनावर तर हाय. उगाच घाबरले मी."

त्या दिवशी मी कामावरून परतले तर काकी ओटीवर बसलेल्या, शेजारी ताट झाकलेलं, डोळे रडून लाल. दुपार टळून गेली होती आणि फोन आला नव्हता. "विमानाचं काय झालं गो, बाय?"

मी मोबाइल काढून माझं शहाणपण सुरू केलं. सरळ गेलं तरी साडेसात हजार किलोमीटर, त्यात विमान मध्ये आखातात थांबतं, आणि तिकिटावरची वेळ तिथल्या घड्याळाची असते. त्यांचं घड्याळ आपल्या मागे चालतं. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तिकडे अजून दुपार झाली नाय?"

"नाही."

"मंग पोरगी दुपारच्या जेवनालाच पोचल. मी काय वेगळं बोलले?"

दिवेलागणीला फोन आला, तेव्हा काकी तो गार भात मिटक्या मारत जेवल्या. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी मायाही वाटत होती, की मी समोरच बसून राहिले.

यंदा काकींनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, घरीच न्या. सुनंदा मिळेल त्या विमानाने निघाली. ती येईपर्यंत काकी राहतील का, हे कुणीच सांगत नव्हतं. पेजेची वाटी घेऊन मी उशाशी बसले ती केवळ बसायचं म्हणून. लेक प्रवासात असताना त्या तोंड उघडणार नाहीत, हे मला माहीत होतं.

काकींनीच माझा हात ओढला. "भरव. ती येईस्तोवर टिकायला पायजे."

गिळताना त्यांना त्रास होत होता. तरी त्यांनी वाटी संपवली, आणि दुपारी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदा आली. आईचा हात धरून रडत बसली. काकींचा आवाज जेमतेम फुटत होता. "जेवलीस?"

सुनंदाने नकारार्थी मान हलवली. काकी माझ्याकडे वळून, होता नव्हता तेवढा जोर लावून रागावल्या, "बघत काय बसलीस? वाढ तिला."

सुनंदा खाटेला टेकून जेवली. तिचं ताट संपेपर्यंत काकींनी डोळे मिटले नाहीत.